सुरकुतीचा हप्ता

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक अर्ज आला. चाळीस हजार रुपये, चोवीस हप्ते, दोन जामीन. नंदाखालमधल्या आमच्या या गटाकडे असे दोन-तीन अर्ज दर महिन्याला येतातच. कुणाला विहिरीवरचा पंप बदलायचा असतो, कुणाला मुलाची कॉलेजची फी भरायची असते, कुणाला पावसाळ्याआधी घराची डागडुजी करायची असते. अर्जावर 'कारण' असा एक रकाना आहे. त्यात ताईंनी लिहिलं होतं, 'औषधपाणी'.

ताई आमच्या गटातल्या सगळ्यात जुन्या सभासद. वय एक्कावन्न. नाव देत नाही, कारण त्यांनीच 'नको' म्हटलंय. गेली तीस वर्षं पहाटेची विरार लोकल पकडून वाडीतला सोनचाफा आणि मोगरा दादरच्या फुलबाजारात नेणाऱ्या. औषधपाणी म्हटल्यावर आमच्या पोटात गोळाच आला. "काय झालं ताई? कसला आजार?" त्यांनी मान खाली घातली आणि पिशवीतून एक गुळगुळीत पत्रक काढलं. 'ऑपरेशनशिवाय चेहरा उचला. एका तासात दहा वर्षांनी तरुण दिसा. सुलभ हप्त्यांची सोय.' मे महिन्यात लेकीचं लग्न आहे. त्याआधी ताईंना गालात धागे घालून घ्यायचे होते.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग एकजण फिसकन हसली. दुसरी म्हणाली, "ह्या वयात कुणाला दाखवायचंय, बाय?" ताईंनी पत्रकाची घडी घातली आणि ते परत पिशवीत ठेवलं. मी हसले नाही, पण त्यांची बाजूही घेतली नाही. कारण खरं सांगायचं तर त्याच दिवशी सकाळी मी आरशासमोर उभी राहून दोन बोटांनी गाल कानाकडे ओढून पाहिले होते. मैत्रिणींनो, तुम्हीही कधी ना कधी पाहिले असतील. दार लावून!

मी म्हटलं, "अर्ज फेटाळू नका. मला पंधरा दिवस द्या, मी चौकशी करते." त्या पंधरा दिवसांत जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते. कारण असं पत्रक फक्त विरार स्टेशनबाहेरच वाटलं जातं असं नाही. तुमच्या गावच्या बाजारपेठेतही ते एव्हाना आलं असेल.

आधी हे गाल ओघळतात का, ते पाहू. आपल्या कातडीखाली कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. गादीतला कापूस म्हणा ना! जोडीला इलॅस्टिन असतं, ते कातडीला ताण देतं. तिशीनंतर दोन्ही हळूहळू कमी होत जातात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाचेक वर्षांत तर कातडीतलं कोलॅजन साधारण ३० टक्क्यांनी घटतं. म्हणजे "दोन वर्षांत एकदम म्हातारी दिसायला लागले गं" असं जे आपण म्हणतो, तो भास नसतो. त्यात गालाची चरबी खाली सरकते, जबड्याचं हाड थोडं झिजतं, दात पडले तर गालफडं बसतात. कातडी तेवढीच राहते आणि आतला आधार कमी होतो. उशी लहान झाली आणि अभ्रा मोठा राहिला, तसं.

यावर पूर्वी एकच उपाय होता. कानाजवळ चिरा देऊन कातडी आणि तिच्याखालचा थर ओढून शिवायचा. ती मोठी शस्त्रक्रिया. भूल, टाके, आठवडे विश्रांती. सिनेमातल्या आणि पैसेवाल्या बायकांपुरतीच ती होती. आता जे आलंय, त्यात चिरफाड नाही. सुई, धागा, नाहीतर यंत्र. तासाभरात काम आणि संध्याकाळी घरी. म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

या सगळ्यात नाव प्रसिद्ध झालं बोटॉक्सचं. मूळ वस्तू म्हणजे शिळ्या, डबाबंद अन्नात वाढणाऱ्या एका जंतूचं विष. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने ते अगदी थेंबभर वापरून तिरळेपणा सुधारता येतो हे दाखवलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला परवानगी मिळाली. पुढे कॅनडातल्या कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याच्या लक्षात आलं, की डोळ्यांसाठी सुई टोचलेल्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांनी १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि २००२ मध्ये आठ्यांसाठीही परवानगी मिळाली. पण हे लक्षात ठेवा, बोटॉक्स स्नायू सैल करतो, त्यामुळे आठी पडत नाही. ओघळलेला गाल काही त्याने वर उचलला जात नाही. परिणाम तीन-चार महिने. मग पुन्हा सुई.

दुसरं फिलर. खड्डा पडलेल्या जागी जेलीसारखा पदार्थ टोचून भर घालायची. ही भर काही महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकते.

तिसरे ताईंचे धागे. १९९० च्या दशकाच्या शेवटी रशियात काम करणारे शल्यविशारद मार्लेन सुलामानिद्झे यांनी काटेरी धाग्याची ही युक्ती पुढे आणली. गवतातून चालताना साडीच्या काठाला कुसळं लागतात ना? आत शिरतात सरळ, पण उलट ओढली की अडकून बसतात. या धाग्याला तशीच बारीक कुसळं असतात. सुईने तो गालाच्या चरबीत सरकवायचा, वर ओढायचा, की कुसळं आतल्या मासाला धरून ठेवतात. धागा बहुतेक वेळा शरीरातले टाके घालायला वापरतात त्याच जातीचा, आपोआप विरघळणारा. सहा-आठ महिन्यांत तो विरघळून जातो. त्याच्याभोवती थोडं नवं कोलॅजन तयार होतं म्हणून फरक आणखी काही काळ दिसतो. साधारण वर्षभर, फार तर दीड वर्ष.

चौथी यंत्रं. अल्ट्रासाउंड म्हटलं की आपल्याला सोनोग्राफी आठवते. तोच प्रकार, पण इथे भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणून कागद जाळावा तशा त्या लहरी कातडीखाली चार-साडेचार मिलिमीटरवर एकत्र आणतात. तिथे ठिपक्याठिपक्याने ६०-७० अंशांपर्यंत उष्णता तयार होते, आतला थर आकसतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत नवं कोलॅजन येतं. अशा यंत्राला अमेरिकेत २००९ मध्ये भुवया उचलण्यासाठी मान्यता मिळाली. रेडिओ लहरींची यंत्रंही अशीच उष्णतेवर चालतात. काहींना बारीक सुयाही जोडलेल्या असतात.

"मग गुण येतो की नाही ते सांग की!" असं तुम्ही म्हणाल. येतो. नाही म्हटलं तर खोटं होईल. चाळिशीतली बाई, जबड्याच्या कडेला जेमतेम ओघळ, हात शिकलेल्या डॉक्टरचा, तर आरशात फरक दिसतो. पण कातडी बरीच लोंबली असेल, तर धागा आणि यंत्र दोघंही हात टेकतात. तिथे शस्त्रक्रियाच लागते. 'दहा वर्षांनी तरुण' हे पत्रकाचं गणित आहे, डॉक्टरांचं नव्हे.

आता आपल्या गटाचं गणित घाला. धागा सहा-आठ महिन्यांत विरघळणार, फरक वर्षभरात ओसरणार आणि हप्ते चोवीस! म्हणजे कर्ज फिटायच्या आधी गाल पुन्हा पहिल्या जागी. मग ओघळलेल्या गालासाठी हप्ता भरत बसायचं, नाहीतर दुसरं कर्ज काढायचं. दुकानदार ज्याला सुलभ हप्ता म्हणतो, तो सुरकुतीचा हप्ता कधी संपतच नाही. शिवाय नुसतं रूप सुधारण्यासाठी केलेल्या उपचाराला मेडिक्लेमही पैसे देत नाही. भाजल्यावर, अपघातानंतर चेहरा नीट करावा लागला, तर गोष्ट वेगळी.

पैशांचं एक वेळ सोसता येईल. पण चेहरा? माझ्या नात्यातली एक सून, नालासोपाऱ्याला राहते. दोन वर्षांपूर्वी तिने दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत असं यंत्र चेहऱ्यावर फिरवून घेतलं. फेशियलच्या पॅकेजमध्ये 'फ्री' मिळालं होतं. डाव्या जबड्यावर चटका बसला. "सांगितलं होतं ना, थोडं गरम लागेल," असं ती मुलगी म्हणत राहिली. फोड गेला, पण तिथे रुपयाएवढा काळा डाग राहिला तो आजही आहे. ती परत गेली तेव्हा वर कुलूप होतं. पावती नव्हती, डॉक्टरचं नाव नव्हतं. तक्रार करायची तरी कुणावर?

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला हा धोका जास्त. चटका बसला किंवा सूज आली की ती काळी पडून दाखवते. डाग जायला महिने लागतात, काही जातच नाहीत. धाग्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो, गालाला खळगा पडू शकतो, दोन बाजू वेगळ्या दिसू शकतात, कधी धाग्याचं टोक बाहेर येतं. फिलरचा धोका त्याहून गंभीर. ती जेली चुकून रक्तवाहिनीत गेली, तर पुढची कातडी मरते. डोळ्याकडे जाणारी रक्तवाहिनी बंद झाली, तर दृष्टी जाते. हे क्वचित होतं, पण ज्या बाईचं होतं, तिला ते क्वचित म्हणून काय दिलासा? ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रेडिओ लहरींच्या सुयांच्या यंत्रांबद्दल इशारा दिला. भाजणं, व्रण, चरबी झडून चेहरा विद्रूप होणं, नसांना इजा, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. हा वैद्यकीय उपचार आहे, घरी करायची गोष्ट नव्हे, असं त्यांनी बजावलं. जिथे नियम कडक, तिथली ही गत. जिन्याखालच्या खोलीत काय होत असेल?

आणि आपल्याकडे तर सुई-यंत्रापर्यंत जायचीही गरज नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, ती आठवते? एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली. ब्युटिशियनकडून आणलेली गोरेपणाची क्रीम तिघीही लावायच्या. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुक केलं, उजळलीस म्हणून. मग तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. चेहऱ्याला लावलेलं मूत्रपिंडापर्यंत पोचलं! अकोला काही फॅशनची राजधानी नाही. आपल्यासारखंच गाव. मोठ्या शहरातली हौस आपल्याकडे लवकर येते. तिच्या मागून यायला हवेत ते डॉक्टर, तपासणीस आणि कायदा मात्र रेंगाळत येतात.

तसा कायदा आहे बरं का. मला हे वाचून नवल वाटलं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे काय, ते लिहिलंय. अंगावर चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची अशी वस्तू. टोचायची हा शब्द त्यात नाही. म्हणजे पावडर, क्रीम, लिपस्टिक पार्लरची. पण सुईच्या टोकावरून जे आत जातं ते औषध, आणि औषध म्हटलं की डॉक्टर आला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने केसांचं रोपण आणि सौंदर्य-शस्त्रक्रिया यांबद्दल सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून असे उपचार करायला लागणं हे पुरेसं शिक्षण नव्हे, असं त्यात चक्क लिहिलंय. असं लिहावं लागलं, यातच काय ते समजा.

म्हणून 'डॉक्टर आहेत का?' एवढं विचारून थांबू नका. पांढरा कोट बाजारात मिळतो. कॉस्मेटॉलॉजीचं काही आठवड्यांचं सर्टिफिकेटही भिंतीवर फ्रेम करून लावता येतं. त्वचारोगतज्ज्ञाच्या नावापुढे एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी अशी पदवी-पदविका त्वचारोगातली असते. प्लास्टिक सर्जनची एमसीएच किंवा डीएनबी. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर लिहायचा असतो. तो क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत मोबाइलवर तपासता येतो. आपल्याला येत नसेल, तर घरातल्या दहावीच्या मुलाला सांगा. दोन मिनिटांचं काम.

मग पुढचे प्रश्न. सुई तुम्ही स्वतः देणार की तुमची मदतनीस? औषधाची सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडणार का? तिच्यावरचं नाव, बॅच नंबर आणि तारीख मला लिहून द्याल का? फिलर असेल तर तो विरघळवणारं औषध इथे तयार आहे का? काही बिघडलं तर रात्री कुणाला फोन करायचा? मला मधुमेह आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तर चालेल का? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा. हे केलं नाही तर माझं काय बिघडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नावर हसून म्हणेल, काही नाही. जो म्हणेल "आज केलंत तर निम्म्या किमतीत", त्याच्या दारातून उलट पावली परत या.

पावती मात्र घ्याच. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवा. आमच्या त्या सुनेकडे पावती असती तर आज तिच्या हातात काहीतरी असतं.

हे सगळं ऐकून आमच्या गटातल्या त्या हसणाऱ्या मैत्रिणीने लगेच म्हटलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं? थेरं आहेत सगळी." इथे मात्र मला थांबून बोलावंसं वाटतं.

चेहरा नीट करून घेणं हे काही आजचं खूळ नाही आणि ते नेहमी थेरही नसतं. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ती हकिगत चित्रासह छापून आली. पुढे युरोपातल्या शल्यविशारदांनी तीच रीत उचलली.

अलीकडचं सांगायचं तर डॉ. नोशीर अंतिया. इंग्लंडात प्लास्टिक सर्जरी शिकून आलेला हा माणूस पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णांकडे गेला, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याने हेच काम वाढवलं. कुष्ठरोग बरा झाला तरी चेहऱ्यावर खूण राहते. नाक बसतं, भुवया जातात. सुजलेली कातडी ओसरली की तिशीतल्या माणसाचे गाल साठीच्या माणसासारखे लोंबतात. अशा बऱ्या झालेल्या माणसाची कातडी ओढून शिवणं हीसुद्धा कुष्ठरोगाच्या शस्त्रक्रियेतली एक रीत आहे. का? तर त्याला एसटीत शेजारी कुणीतरी बसू द्यावं, गावात कुणीतरी काम द्यावं म्हणून. याच अंतियांनी पुढे अलिबागकडे मांडव्याला गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. चेहऱ्याचं मोल आणि गरिबाच्या आरोग्याचं मोल, दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा चेहरा म्हणजे नुसती कातडी नव्हे. लोकांत आपली जागा त्यावरून ठरते. ताईंची जागाही. एका दुपारी त्यांच्या वाडीत बसले असताना मी विचारलं, "ताई, खरं सांगा, कशासाठी?" त्या चाफ्याच्या कळ्या वेचत म्हणाल्या, "साखरपुड्याचा फोटो बघितला. विहीणबाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. फोटोत मी त्यांची आई दिसते. मुलाकडच्या एका बाईने मला आजी म्हणून हाक मारली. लेक हसली नाही, पण तिने माझा हात सोडला."

यावर काय बोलणार? सुरकुत्या म्हणजे अनुभवाचे दागिने, असं सांगणं फार सोपं आहे. ते सांगणाऱ्यांना दादरच्या फुटपाथवर तीस वर्षं उन्हात बसावं लागलेलं नसतं. विहीणबाई शाळेत क्लार्क होत्या, पंख्याखाली. ताईंच्या चेहऱ्यावर जे ओघळलंय, ते वयाने थोडं आणि कष्टाने जास्त. आणि त्याच उन्हात, त्याच वाडीत राबलेल्या त्यांच्या नवऱ्याला कुणी आजोबा म्हटलं, तरी त्याचं काही बिघडत नाही. त्याच्या सुरकुत्यांना 'भारदस्त' म्हणतात.

२०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला राहणाऱ्या अभिनेत्री शेफाली जरीवाला हिचं बेचाळिसाव्या वर्षी अचानक निधन झालं. तेव्हा ती तरुण दिसण्यासाठी औषधं घेत होती का, यावर घराघरात चर्चा झाली. तिच्या मृत्यूचा निवाडा आपण घरबसल्या करू नये. पण एक गोष्ट मला तेव्हा खटकली. जे लोक आधी पडद्यावरच्या बाईला 'वय झालं हिचं' म्हणतात, तेच नंतर म्हणतात, 'कशाला करायचं हे सगळं?' आमच्या बैठकीत तरी दुसरं काय झालं? ताईंना आजी म्हणणारेही आपणच आणि ताईंना हसणारेही आपणच.

मी ताईंना घेऊन मुंबईत पालिकेच्या रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात गेले. केसपेपर काढला, दोन तास रांगेत बसलो. डॉक्टर मुलगी तिशीतली होती. तिने ताईंचा चेहरा उजेडात नीट पाहिला, मग म्हणाली, "मावशी, तोंड उघडा बघू." आम्हाला वाटलं, हिचं काय चाललंय? खालच्या तीन दाढा नव्हत्या, वरच्या दोन. ताई लग्नाआधीपासून मशेरी लावतात. हिरड्या खिळखिळ्या होऊन दाढा पडल्या आणि गाल आत गेले. मागच्या वर्षी टायफॉइडमध्ये दहा किलो वजन उतरलं ते परत भरलंच नाही. आणि ऊन तर रोजचं. डॉक्टर म्हणाली, "गालाला आतून आधारच नाही. धागा घातला तरी तो ओढून ओढून किती ओढेल? आधी दात बसवा, मशेरी सोडा, पोटभर जेवा. सहा महिन्यांनी या, मग धाग्याचं बोलू."

घरी येताना लोकलमध्ये ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढे पैसे मागत होता तो, त्याने तोंड उघडून बघितलं नाही गं." मला वाटतं, सगळ्या पत्रकांचं परीक्षण या एका वाक्यात झालं.

उन्हाचंही सांगते, कारण ते आपल्या हातात आहे. ऑस्ट्रेलियातल्या नंबूर नावाच्या गावात पंचावन्नच्या आतल्या ९०३ माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी जून झाली. एसपीएफ ३० चं साधं सनस्क्रीन, डोक्यावर छत्री नाहीतर रुंद काठाची टोपी. बाजारात बसणाऱ्या बाईला टोपीची लाज वाटते. लेकीला मात्र आतापासून सवय लावता येईल. सनस्क्रीन गेलेलं परत आणत नाही, पण आहे ते राखतं. आणि हो, झपाट्याने वजन उतरवू नका. वजनाची नवी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे विकायला आली आहेत. मधुमेह आणि लठ्ठपणावर डॉक्टरच्या देखरेखीखाली ती उपयोगी आहेत, पण वजन भराभर उतरलं की गाल आधी रिकामे होतात आणि मग धाग्याचं पत्रक हाती येतं.

परवा गटाची बैठक झाली. ताईंनी जुना अर्ज मागे घेतला आणि नवा दिला. रक्कम आठ हजार, कारण 'दात'. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांचं माप घेऊन झालंय. अर्ज एकमताने मंजूर झाला. त्यानंतर आम्ही वहीत दोन ठराव लिहिले. पहिला, कसल्याही उपचारासाठी कर्ज मागणाऱ्या बाईने डॉक्टरचा नोंदणी क्रमांक अर्जावर लिहायचा आणि गटातली एकजण तिच्यासोबत जाऊन यायची. दुसरा ठराव त्या हसणाऱ्या मैत्रिणीनेच मांडला. 'चांगलं दिसायचंय' असं कारण कुणी लिहिलं, तर बैठकीत हसायचं नाही.

धाग्याचं काय, असं मी ताईंना जाताना विचारलं. त्या म्हणाल्या, "बघू. लेकीचं लग्न होऊन जाऊ दे. तोवर मशेरीचे आणि त्या हप्त्याचे पैसे डब्यात टाकते. सहा महिन्यांनी डबा उघडू आणि तोंडपण उघडू. मग डॉक्टर काय म्हणेल ते."